आठ नंबरची पिशवी

“वटवाघूळ,” मायक्रोस्कोपवरचं डोकं वर न उचलता दाणीसर म्हणाले.

“सर, नीट बघा ना एकदा.”

“नीटच बघून राहिलो. वटवाघळाची दाढ आहे. सावरबोडीच्या ओढ्यावर दिवेलागणीला शेकड्यानं फिरतात. त्यातलं एक मेलं, त्याची दाढ वाहत आली, ती तुला सापडली. अभिनंदन!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड मिलिमीटरची ती दाढ, मोहरीच्या दाण्याएवढी. तिच्यासाठी मी अडीच वर्षं माती चाळत होते, कंबरेचं पार वाटोळं करून घेतलं होतं, आणि हा माणूस अर्ध्या मिनिटात तिला वटवाघळाच्या गळ्यात बांधून मोकळा झाला.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. दाणीसर म्हणजे डॉ. भास्कर दाणी, नागपूरचे, माझे गाइड. जीवाश्मांतला मोठा माणूस आणि तेवढाच मोठा खवचट. मी कल्याणी वैरागडे, त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. चंद्रपूरकडच्या सावरबोडी नावाच्या गावाशेजारी आम्ही एक खड्डा खणला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथं लाव्हाचे दोन लोंढे येऊन गेले. पहिला येऊन थंड झाला आणि दुसरा यायचा होता, त्या मधल्या काळात तिथं एक तळं होतं. तळ्यात बेडूक होते, गोगलगायी होत्या, मासे होते, एखादी मगर होती. काठावर डायनासोर अंडी घालून जात. आणि त्या सगळ्यांच्या पायांत, गवताबिवतात, उंदराएवढे केसाळ प्राणी जीव मुठीत धरून फिरत. मला ते हवे होते. त्यांतही पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा, कांगारूच्या दूरच्या नात्यातला, पिशवीवाला प्राणी इथं होता की नव्हता, हा माझ्या थिसिसचा प्रश्न. एवढुशा प्राण्याचं मागे काही उरत नाही, उरलीच तर एखादी दाढ.

“सर, माथ्यावरची कड बघा. डब्ल्यूसारखी आहे. बाहेरच्या बाजूला हा रुंद कट्टा. पिशवीवाल्यांत असाच असतो.”

“वटवाघळांतही असाच असतो. एका दाढेवरून मी सांगू शकत नाही, तू सांगू शकत नाहीस, ब्रह्मदेव आला तरी सांगू शकत नाही.” त्यांनी बडीशेप तोंडात टाकली. “म्हणून माती विचारायची. पिशवी कितवी?”

“आठ.”

“मग विषय संपला.”

पिशव्यांचं एवढं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. खड्ड्यात मातीचे सात थर होते. वरून खाली एक ते सात. ज्या थराची माती, तो नंबर कापडी पिशवीवर टाकायचा. चौथा थर हिरवट मातीचा, त्यात डायनासोरच्या अंड्यांची टरफलं सापडत. आठ नंबर मात्र खड्ड्यातला नव्हताच. ती होती शेजारच्या ओढ्याची वाळू. आजकालचं काय काय वाहून येतं ते कळावं, म्हणून सरांनीच घ्यायला लावलेली. म्हणजे दाढ चारमधली असती तर ती वटवाघळाची असणंच शक्य नव्हतं, कारण डायनासोरच्या काळात वटवाघळाचा मागमूस नाही. आणि आठमधली असली तर तिची किंमत ओढ्यातल्या खड्याएवढी.

“पण सर, रंग किती काळा आहे! ताजी दाढ पांढरी नको का?”

“ओढ्यात पडलेलं हाड दोन पावसाळ्यांत काळं पडतं. पिशवीवाल्याचा न्याय पिशवीच करणार, कल्याणी. तुझ्या पिशवीनं तो केला.” आणि स्वतःच्या कोटीवर ते स्वतःच हसले.

मी रात्रभर तळमळले. मार्चअखेर माझी फेलोशिप संपत होती. आता जानेवारी सरत आला होता. थिसिसमध्ये बेडूक, मासे, गोगलगायी रगड होत्या, पण त्या बेडकांचं कुणाला कौतुक? सकाळी उठता उठता मला एकदम सुचलं. माती धुताना गडबड झाली असणार. खड्ड्यातली माती धुतलेली चाळणी न झटकता तिच्यातच ओढ्याची वाळू धुतली, म्हणून चाळणीला चिकटलेली दाढ वाळूत गेली. आणि माती धुण्याचं काम कुणाचं? सिंधूबाईचं.

मी पहिल्या एसटीनं सावरबोडीला निघाले. वाटेतल्या पाच तासांत सिंधूबाईचा गुन्हा माझ्या डोक्यात पुरता शाबीत झाला होता.

सिंधूबाई मडावी पन्नाशीची, कोरड्या अंगाची, हातात नेहमी काहीतरी काम. ओढ्यावर चार बाया माती धुवायच्या, सिंधूबाई त्यांची म्होरकी. माती उन्हात वाळवायची, पाण्यात भिजवायची, मग बारीक चाळणीत घेऊन ओढ्यात हलक्या हातानं हलवायची. चाळणीवर उरलेला चुरा पुन्हा त्याच पिशवीत. हे काम तिच्यासारखं कुणी करत नसे. चुऱ्यात बोट फिरवून ती सांगायची, “हे मासोळीचं खवलं हाये, मॅडम, हे शिंपल्याचं.” दहातल्या नऊ वेळा बरोबर. कामाला वाघीण, पण त्या वर्षी तिनं माझ्या नाकी नऊ आणले होते. गावात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला होता आणि बाई अक्षरं शिकत होती. दिसेल ते मोठ्यानं वाचायची. साबणाचा कागद, सोड्याची थैली, माझ्या बिस्किटाचा पुडा. “बि… स… बिस… की… ट… बिस्कीट! माय वं, बिस्कीटच लेहलं हाये!” आपण घाईत असावं, आणि हिनं पाटीवर ‘ज्ञ’ काढून “जमला का, मॅडम?” म्हणून पुढ्यात धरावी. मी जमला म्हणायची, न बघताच.

मी पोचले तेव्हा चौघीजणी ओढ्यात होत्या. मी काठावरूनच सुरुवात केली.

“सिंधूबाई, आठ नंबरची वाळू धुतली तेव्हा चाळणी झटकली होती का?”

“झटकली होती ना.”

“आठवून सांगा. त्याआधी खड्ड्यातली माती धुतली असेल. चाळणीला काही राहिलं असेल.”

“नाई, मॅडम. चाळनी मी तीनदा पान्यातून काढतो. तुमीच तं शिकवलं.”

“मग आठ नंबरमध्ये ती दाढ आली कुठून?”

“मले काय मालूम? आठची वाळू तुमीच भरली, तुमच्याच हातानं. मी भरली ते चारची. तुमी सरांले फोन कराले तालुक्याले गेल्या होत्या, त्या दिवशी. एक पिशवी राह्यली होती, ते मी भरली आन् वरतं नंबर बी टाकला.”

“नंबर टाकला? तुला नंबर टाकायला कुणी सांगितलं होतं?”

तोंडातून ‘तुला’ गेलं. इतके दिवस मी तिला ‘तुम्ही’ म्हणत होते, आईच्या वयाची बाई. पण माझं डोकं फिरलं होतं, आणि फिरलेल्या डोक्याला मान ठेवायचं भान नसतं.

“कोनी नाई सांगितलं. मले येते आता, म्हनून टाकला.”

“खोटं बोलू नको! चारच्या सगळ्या पिशव्या मी बघितल्यात. एकूण एक पिशवीवर माझं अक्षर आहे. तू धुण्यात घाण केलीस आणि आता गोष्टी सांगतेस! पाटीवर चार अक्षरं गिरवली म्हणून शहाणी झालीस का तू? अडाणी ती अडाणीच!”

बाकीच्या तिघींनी माना खाली घातल्या. त्यातली एक सिंधूबाईची सून होती, तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. सिंधूबाईनं हातातली चाळणी पाण्यातून तीनदा काढली, झटकली, दगडावर पालथी घातली. मग लुगड्याचा काठ पिळला आणि पाऊलवाटेनं निघून गेली.

मला तेव्हा काय वाटलं, खरं सांगू? बरं वाटलं. आदल्या दिवसापासून साचलेलं ओकून टाकलं होतं. अपराधी सापडला होता, आणि तो मी नव्हते, एवढं पुरे होतं.

बाकीच्या तिघी दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, पण माझ्याशी एक अक्षर बोलतील तर शपथ. मी “पाणी गढूळ आहे का?” विचारलं तरी तिघी एकमेकींकडे बघायच्या. दोन दिवस मी स्वतः माती धुतली. चाळणी हलवायला जमेना, निम्मा चुरा पाण्याबरोबर वाहून गेला. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून गाशा गुंडाळला आणि नागपूरला निघाले.

जिल्ह्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. चौकशीच्या खिडकीतून उत्तर आलं, “नागपूर, आठ नंबर, साडेबाराला.” मी आठ नंबरच्या फलाटावर बाकडं धरलं. साडेबारा झाले, पाऊण झाला, एक वाजला. गाडीचा पत्ता नाही. मी तणतणत कंट्रोलरच्या टेबलाशी गेले.

“नागपूर गाडी कुठाय? साडेबाराची!”

“गेली ना, मॅडम. अर्धा तास झाला. आठला लागली होती.”

“मी आठलाच बसलेय साडेअकरापासून!”

“कुठं?”

मी बोट दाखवलं. कंट्रोलरनं चष्मा कपाळावर चढवून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, तो चार नंबर आहे. मराठी वाचता येत नाही का तुम्हाला?” आणि शेजारच्या कंडक्टरला म्हणाला, “दिसतात तर शिकलेल्या.”

मी तोंड उघडलं, त्याला चांगलं सुनवायला, आणि ते तसंच उघडं राहिलं. पत्र्याच्या पाटीवर पांढऱ्या रंगात आकडा होता. ४. वरून उघडा, खाली गाठ. बाबांच्या नोकरीमुळे माझी सगळी शाळा सिकंदराबादला झाली, कॉन्व्हेंटमध्ये. मराठी घरात. पुस्तकं मी मराठी वाचते, पण आकडे मी इंग्रजीतच लिहिते, आणि आकडा दिसला की नजरही आपली इंग्रजीवरच जाऊन पडते. घाईत तर हमखास. फलाटावर पडली, तशीच कापडी पिशवीवर पडली असेल तर?

पुढची गाडी दीड तासानं होती. त्या दीड तासात मी स्टँडवर चहा घेतला की नाही, मला आठवत नाही. सिंधूबाईचं ‘मले येते आता, म्हनून टाकला’ तेवढं कानात सारखं वाजत होतं.

नागपूरला उतरले ती थेट डिपार्टमेंटला गेले. कपाटातून आठच्या पिशव्या काढल्या. माझ्या फील्ड डायरीत आठच्या सहा पिशव्या होत्या, कपाटात निघाल्या सात. चारच्या बारा लिहिल्या होत्या, निघाल्या अकरा. हे मी आधी कधी मोजलंच नव्हतं. सातवी पिशवी, दाढेची, मी खिडकीशी नेली. जाड मार्करनं, लहान मुलं काढतात तसा, सावकाश, जपून काढलेला आकडा होता. वरची दोन्ही टोकं एकमेकांपासून बोटभर लांब. आंधळ्यालाही चार दिसला असता.

मी कपाळावर हात मारून घेतला, अगदी खरोखरचा, लागला इतका.

सरांना सांगितलं. त्यांनी पिशवी बघितली, डायरी बघितली, मग दाढ पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतली आणि या वेळी दहा मिनिटं डोकं वर केलं नाही.

“हिरव्या मातीतली असेल तर वटवाघूळ नाही,” ते शेवटी म्हणाले.

“मग?”

“मग तू म्हणतेस ते असू शकतं.”

दाणीसरांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे दुसऱ्या कुणी हार घालण्यासारखं होतं. पण माझा आनंद टिकू देतील तर ते दाणीसर कसले!

“लेखी लागेल,” ते म्हणाले. “नंबर बदलला तो का बदलला, परीक्षक विचारणार. त्या बाईकडून लिहून घे. मी सांगतो, लिही. ‘मी, सिंधूबाई मडावी, लिहून देते की, पिशवीवरचा आकडा मी अस्पष्ट लिहिल्यामुळे चारऐवजी आठ असा वाचला गेला.’ खाली अंगठा.”

“सर, पण तिनं स्पष्टच लिहिलंय. मी चुकीचा वाचला.”

“तुझ्या पिशव्या किती?”

“शहाऐंशी.”

“तू एक चुकीची वाचलीस असं लिहिलंस तर परीक्षक उरलेल्या पंच्याऐंशींचं विचारेल. मग बस पुन्हा सगळं तपासत. मजुराची चूक एका पिशवीची असते, कल्याणी. संशोधकाची चूक अख्ख्या थिसिसची असते. फेलोशिप कधी संपते तुझी?”

सर चुकीचं सांगत होते म्हणावं, तर हिशेब अगदी बरोबर होता. तो मला पटलाही. दोन महिन्यांत थिसिस जमा होत होता, त्यात एक दाढ होती जिच्यासाठी लोक माझं नाव लक्षात ठेवणार होते, आणि मध्ये होता फक्त एक शब्द. तोही असा की सिंधूबाईला त्याचा अर्थ कळण्याचं कारण नव्हतं. मी कागद नीट अक्षरात उतरवला, पिशवी घेतली आणि पुन्हा सावरबोडी गाठली.

सिंधूबाई अंगणात तुरी बडवत होती. मला बघून थांबली. “या,” म्हणाली, घरातून पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला, आणि पुन्हा खाली बसली. बसायला बाज दाखवली नाही. मी आपली दगडावर टेकले.

“सिंधूबाई, ती पिशवी चारचीच निघाली. तुम्ही भरलेली.”

“मंग? मी तेच तं सांगत होतो.”

“हो. तर आता त्याचा कागद करावा लागतो. सरकारी काम असतं ना तसं. इथं तुमची सही पाहिजे.” अंगठा म्हणायला जीभ वळली नाही.

मला वाटलं, ती कागद घेईल, सही करेल, सुटले. पण तिनं हात लुगड्याला पुसले, कागद मांडीवर घेतला, आणि बोट ठेवून पहिल्यापासून वाचायला लागली. मोठ्यानं.

“मी… सिं… धू… बाई… म… डा… वी.” ती थांबली. “माहं नाव बराबर लेहलं.” मग पुढे. “लि… हू… न… दे… ते… की…”

इतके दिवस या वाचण्याचा मला वैताग यायचा. आता तिचं बोट एकेका अक्षरावरून पुढे सरकत होतं आणि पुढची अक्षरं मी मनात मोजत होते. ते बोट त्या शब्दावर आलं.

“अ… स्प… अस्प… ष्ट. अस्पष्ट.” तिनं वर पाहिलं. “हा शब्द नाई येत मले. अस्पष्ट म्हंजे काय वं, मॅडम?”

किती सोपं होतं! ‘घाईत’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. ‘मार्करनं’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं ऐकलं असतं, कारण पिशव्यांतलं, मातीतलं, दाढांतलं मी सांगितलेलं सगळं तिनं आजवर ऐकलं होतं. खोटं अगदी ओठावर आलं होतं.

“अस्पष्ट म्हणजे,” मी म्हणाले, “नीट वाचता येत नाही असं.”

तिनं कागद मांडीवरून खाली ठेवला.

“पिशवी आनली का?”

मी दिली. तिनं ती गुडघ्यावर ताणून धरली आणि आकड्यावरून बोट फिरवलं.

“हा नीट नाई?”

“नीट आहे.”

“कोनाले बी वाचता येईन?”

“येईल.”

“मंग तुमाले काहून नाई आला?”

मी सांगितलं. सिकंदराबाद, कॉन्व्हेंट, इंग्रजीचा आठ, सगळं. सांगताना ते इतकं पोरकट वाटत होतं की माझाच मला राग आला. दुसऱ्या कुणाचा राग करायला आता जागाच उरली नव्हती.

“म्हंजे तुमाले मराठी आकडे येत नाई,” सिंधूबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. नवल होतं. “बाप्पा! एवढ्या शिकल्या!”

“घाईत चुकतात.”

“घाई तुमची. आन् कागद माह्या नावानं?”

मी पेन काढलं. तिच्यासमोर तो कागद फाडला आणि डायरीचं पान काढून नवा लिहायला घेतला. मी काय लिहीत होते ते मला चांगलं कळत होतं. मी माझ्या हातानं पंच्याऐंशी पिशव्यांवर प्रश्नचिन्ह काढत होते.

झालंही तसंच, ते आत्ताच सांगून टाकते. सरांनी कागद वाचून टेबलावर आपटला, आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. परीक्षकानं नेमकं तेच विचारलं. शहाऐंशी पिशव्या पुन्हा उघडल्या, पुन्हा तपासल्या. फेलोशिप संपली, एका शाळेत भूगोल शिकवून मी दिवस काढले, आणि थिसिस दीड वर्ष लांबला. दुसरी एकही पिशवी चुकीची निघाली नाही. दाढ पिशवीवाल्याची की त्याच्या एखाद्या चुलतभावाची, यावर लोक अजून भांडतात, पण ती वटवाघळाची आहे असं त्यानंतर कुणी म्हणालं नाही. सरसुद्धा.

पण तेव्हा अंगणात यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कागद सिंधूबाईपुढे धरला. तिनं पुन्हा बोट ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. ‘पिशवीवर सिंधूबाई मडावी यांनी ४ हा आकडा स्पष्ट लिहिला होता. तो मी ८ असा चुकीचा वाचला. चूक माझी आहे. कल्याणी वैरागडे.’ तिला वेळ लागला. शेवटी नावाशी आल्यावर तिनं विचारलं, “आता ‘अ’ नाई?”

“नाही. आता नुसतं स्पष्ट.”

“बराबर.” तिनं कागदाची घडी घातली, पण पेनला हात लावला नाही. “सई मंग करतो. आदी ओढ्यावर चला.”

“ओढ्यावर कशाला?”

“बाया हायेत तिथं. तुमी मले त्याइच्यासमोर अडानी म्हनलं. माही सून होती तिथं. त्या दिवसापासून मी वर्गात नाई गेली, मॅडम. पाटी सुनेनं उचलून फळीवर ठेवली, मी काढली नाई. हे तुमी इथं लेहलं ते बेस केलं. पन इथं कोन हाये आयकाले? तुरी?”

“सिंधूबाई, मी माफी मागते ना.”

“माफी नोको. वाचून दाखवा.”

ती उठून चालायला लागली. मी मागे. ओढ्यावर तिघीजणी होत्या, शिवाय पलीकडच्या काठाला पाच-सहा बाया कपडे धूत होत्या. सिंधूबाईनं कागदाची घडी उलगडून माझ्या हातात दिली आणि स्वतः पाण्यात उतरून सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिघींनी चाळण्या थांबवल्या.

विद्यापीठात दोनशे माणसांसमोर मी न अडखळता बोलले होते. इथं मी कागद तोंडासमोर धरला आणि पुटपुटत सुरुवात केली. “पिशवीवर सिंधूबाई मडावी यांनी…”

“थांबा, मॅडम,” सिंधूबाई म्हणाली. “मोठ्यानं वाचा. पल्याडच्या बायाइले आयकू नाई येत.”

मी पहिल्यापासून, मोठ्यानं वाचलं.